इथर गेला, मोजमाप उरलं : आल्बर्ट मायकेलसन यांचं आयुष्य आणि वारसा

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आज मला आयुष्यभर प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञाबद्दल बोलायचं आहे. आल्बर्ट अब्राहम मायकेलसन. जन्म १८५२चा, मृत्यू १९३१चा. जन्मले युरोपात, नाव काढलं अमेरिकेत. आपल्या सेनगाव तालुक्याशी त्यांचा काडीइतकाही संबंध आला नाही. मग सोयाबीन-हळदीच्या या मुलखात त्यांची आठवण कशाला, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. त्याचं उत्तर औंढा तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात आहे. तिथे उभा राहणारा ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेचा प्रकल्प आपण पेपरात वाचला असेल. मायकेलसन यांनी १८८१ मध्ये जे उपकरण पहिल्यांदा मांडलं, त्याच जातकुळीतलं, पण कैक पटींनी मोठं आणि नाजूक असं उपकरण तिथे बसवलं जाणार आहे. मायकेलसन यांचं उपकरण टेबलावर मावत होतं. लायगोचा एकेक बाहू चार किलोमीटरचा आहे. गाभा मात्र एकच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मायकेलसन ज्याच्या शोधात निघाले ते त्यांना सापडलं नाही, कारण ते मुळात नव्हतंच. पण ते शोधण्यासाठी त्यांनी मोजमापाची जी रीत बसवली ती इतकी पक्की होती की प्रश्न निकालात निघाला तरी रीत टिकली. तिने पुढे अशी कामं केली जी खुद्द मायकेलसन यांच्याही कल्पनेत नव्हती. विज्ञानात उत्तरापेक्षा चोख मोजमापाचं आयुष्य मोठं असतं, एवढंच मला आज त्यांच्या चरित्रावरून दाखवायचं आहे.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी स्ट्रेल्नो नावाच्या गावी झाला. ते तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. कुटुंब ज्यू, साधं व्यापारी. मूल तीन वर्षांचं व्हायच्या आतच आई-वडिलांनी अमेरिका गाठली. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं आणि खाणींच्या आसपास तंबूंची, फळकुटांची गावं उभी राहत होती. वडील सॅम्युएल मायकेलसन यांनी त्या खाणकामगारांच्या वस्तीत दुकान थाटलं. आल्बर्टचं बालपण मर्फीज कँप आणि पुढे नेवाडातलं व्हर्जिनिया सिटी अशा धुळकट गावांत गेलं. शिक्षणासाठी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला ठेवलं. म्हणजे तालुक्याच्या गावी खोली करून शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसारखंच ते शिक्षण होतं.

सोळाव्या वर्षी त्याने नौदल अकादमीत प्रवेशासाठी परीक्षा दिली. स्थानिक जागा दुसऱ्याला गेली. हा मुलगा स्वस्थ बसला नाही. त्याच वर्षी, १८६९ मध्ये, अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेल्वे सुरू झाली होती. तो गाडीत बसला आणि वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना भेटला. राष्ट्राध्यक्षांच्या हातातल्या दहाही जागा भरलेल्या होत्या. तरी खटपट करून त्याला जादाची जागा मिळाली. माझी सारी कारकीर्द राष्ट्राध्यक्षांच्या एका नियमबाह्य कृत्यावर उभी आहे, असं मायकेलसन पुढे हसत हसत सांगत.

१८७३ मध्ये ते अकादमीतून बाहेर पडले. प्रकाशशास्त्रात अव्वल, नौकानयनात तळाच्या मुलांमध्ये. विज्ञानाकडे जरा कमी आणि तोफखान्याकडे जरा जास्त लक्ष दिलंस तर देशाच्या काही उपयोगी पडशील, असं त्यांना अकादमीच्या प्रमुखांनी सुनावल्याचं सांगतात. सुदैवाने त्यांनी तो उपदेश मनावर घेतला नाही. दोन वर्षं समुद्रावर काढून ते अकादमीतच पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवायला लागले.

वर्गात प्रकाशाचा वेग शिकवायचा होता. हा वेग मोजण्याचा इतिहास तेव्हाच दोनशे वर्षांचा झाला होता. १६७६ मध्ये रोमर यांनी गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळांवरून दाखवलं की प्रकाशाला पोहोचायला वेळ लागतो. १८४९ मध्ये फिझो यांनी फिरत्या दात्यांच्या चाकाने, तर १८६२ मध्ये फुको यांनी फिरत्या आरशाने हा वेग जमिनीवरच मोजला. मायकेलसन यांनी फुकोंची रीत घेतली आणि तिची कमकुवत जागा हेरली. फुकोंच्या मांडणीत प्रकाशाची परतलेली प्रतिमा मिलिमीटरच्याही आतच सरकत होती, आणि एवढासा सरक अचूक मोजणं अवघड. मायकेलसन यांनी अंतर वाढवून जवळजवळ सहाशे मीटर केलं. आरसा सेकंदाला सुमारे अडीचशे फेरे घेत होता. आता प्रतिमा तेरा सेंटिमीटरच्या आसपास सरकू लागली. पट्टी लावून मोजावी इतकी.

पहिल्या चाचणीचा फिरता आरसा त्यांनी दहा डॉलर पदरचे घालून बनवून घेतला होता. नंतरच्या मोठ्या प्रयोगाला सासऱ्यांनी दोन हजार डॉलर दिले. जावयाला घर बांधायला पैसे देणारे सासरे आपण पाहिले आहेत. जावयाला प्रकाशाचा वेग मोजायला पैसे देणारा सासरा विरळाच! प्रयोग नदीकाठच्या भिंतीलगत चाले. दिवसा तापलेल्या हवेने प्रतिमा लकलकायची, म्हणून सूर्योदयानंतरचा एक तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास एवढाच कामाचा. १८७९ मध्ये आकडा आला : सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर, चूक धरून पन्नास कमी किंवा जास्त. आज आपण मानतो तो आकडा २,९९,७९२.४५८ आहे. म्हणजे पोराने तीन लाखांत शे-सव्वाशे किलोमीटरची चूक केली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

या यशाने मायकेलसन यांना युरोपची वाट दाखवली. बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथे त्यांनी आयुष्यातला सर्वांत अवघड प्रश्न हातात घेतला.

तो प्रश्न समजून घेऊ. प्रकाश लाटांच्या रूपाने पसरतो हे एकोणिसाव्या शतकात पक्कं झालं होतं. लाट म्हटली की ती कशात तरी उठायला हवी. पाण्याची लाट पाण्यात, आवाजाची हवेत. मग सूर्याचा प्रकाश निर्वात पोकळीतून येतो तो कशातून? शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, इथर. सगळं विश्व भरून राहिलेलं, दिसत नाही, वजन नाही, कशालाही अडवत नाही असं एक माध्यम. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावते. मग ती या इथरमधून धावत असणार आणि आपल्याला समोरून इथरचा वारा लागत असणार. तो वारा मोजायचा.

हे कसं मोजणार, ते आपल्या कयाधू नदीवर पाहू. समजा, पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहतंय आणि दोन पोरं सेकंदाला पाच मीटर वेगाने पोहतायत. एकाने शंभर मीटर रुंदीचं पात्र आडवं पार करायचं आणि परत यायचं. दुसऱ्याने शंभर मीटर प्रवाहाविरुद्ध जायचं आणि प्रवाहाबरोबर परत यायचं. कोण आधी येईल? आडव्या पोहणाऱ्याला प्रवाहाची ओढ सांभाळत तिरकं पोहावं लागतं, त्याचा उपयोगी वेग चार उरतो. त्याला पन्नास सेकंद लागतात. दुसऱ्याला जाताना पन्नास आणि येताना साडेबारा, म्हणजे साडेबासष्ट. येताना प्रवाहाने मदत केली तरी जातानाचं नुकसान भरून निघत नाही. तर मग प्रवाह दिसत नसला, तरी दोघांच्या परतण्यातल्या फरकावरून तो आहे हे कळतं.

मायकेलसन यांनी पोरांच्या जागी प्रकाशाचे दोन किरण घेतले. अर्धी चांदी चढवलेली एक काच पंचेचाळीस अंशात ठेवली. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा निम्मा भाग आरपार गेला, निम्मा काटकोनात वळला. दोन्ही वाटांच्या टोकाला आरसे. आरशांवरून परतलेले दोन किरण पुन्हा त्याच काचेपाशी एक होतात. लाटेचा माथा माथ्यावर आला तर उजेड, माथा खोलगटीवर आला तर अंधार. त्यामुळे दुर्बिणीतून पाहिलं की काळे-उजळ पट्टे दिसतात. एक किरण लाटेच्या अर्ध्या भागानेही मागे पडला, तर काळ्याच्या जागी उजळ पट्टा येतो. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर जे रंग दिसतात तेही याच मेळातून निघतात. या उपकरणाला इंटरफेरोमीटर म्हणतात. पहिल्या इंटरफेरोमीटरला पैसे पुरवले ते टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी.

१८८१ मध्ये उपकरण बर्लिनमध्ये मांडलं. पण रस्त्यावरच्या रहदारीमुळे पट्टे एकसारखे थरथरायचे, मध्यरात्रीसुद्धा. मग सगळी मांडणी उचलून पॉट्सडॅमच्या वेधशाळेच्या तळघरात नेली. तिथेही शंभर मीटरवरच्या फरसबंदीवर कोणी पाय आपटला की पट्टे दिसेनासे होत. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत. निकाल? वाऱ्याचा पत्ता नाही. त्यातच हिशेबातली एक चूक निघाली, तेव्हा प्रयोगाची धारही अर्धी झाली. पुन्हा, जास्त चोख करायला हवा होता.

तो झाला १८८७ मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये. मायकेलसन तिथल्या केस स्कूल ऑफ अप्लाइड सायन्समध्ये प्राध्यापक झाले होते. शेजारच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते एडवर्ड मोर्ली, अतिशय काटेकोर गृहस्थ. मधला काळ मायकेलसन यांना सोपा गेला नव्हता. १८८५ मध्ये कामाच्या ताणाने त्यांची मानसिक प्रकृती ढासळली होती. पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेच्या इमारतीला आग लागली. त्यामुळे प्रयोग वेस्टर्न रिझर्व्हच्या वसतिगृहाच्या तळघरात मांडावा लागला.

त्या तळघरात डोकावून पाहू या. वालुकाश्माची एक चौकोनी शिळा, बाजू सुमारे दीड मीटर, जाडी फूटभर. ती एका लाकडी कड्यावर बसवलेली, आणि ते कडं लोखंडी चरात भरलेल्या पाऱ्यावर तरंगतंय. पारा का? कंप वरपर्यंत पोहोचू नये म्हणून, आणि शिळा बोटाने ढकलली तरी फिरावी म्हणून. शिळेच्या चार कोपऱ्यांवर आरसे. किरण त्यांच्यात पुन्हा पुन्हा परावर्तित होतो, त्यामुळे त्याची वाट अकरा मीटर लांब होते. शिळा एकदा फिरवून दिली की तिची एक फेरी सुमारे सहा मिनिटांत पुरी व्हायची. मध्ये थांबवायची नाही. मायकेलसन दुर्बिणीला डोळा लावून शिळेबरोबर चालत राहायचे आणि प्रत्येक फेरीत ठरलेल्या सोळा जागांवर पट्ट्याचं वाचन मोठ्याने सांगायचे. मोर्ली बाजूला बसून लिहून घ्यायचे. जुलै महिन्यातल्या मोजक्या दिवसांत, दुपारी आणि संध्याकाळी, एकूण छत्तीस फेऱ्या.

इथरचा वारा असता तर पट्टा आपल्या रुंदीच्या ०.४ इतका सरकला असता. मायकेलसन यांना पट्ट्याच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा सरक ओळखता येत होता. म्हणजे चाळीस भाग सरकायला हवा होता, आणि आला तो एक-दोन भाग, तोही वाचनातल्या चुकीत मोडणारा. वारा नव्हता.

यापुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. मायकेलसन यांना हा शोध वाटलाच नाही. त्यांना तो फसलेला प्रयोग वाटला. दर तीन महिन्यांनी, पृथ्वीची दिशा बदलेल तसा, प्रयोग पुन्हा करू असं त्यांनी निबंधात म्हटलं होतं. तो केला नाही. ते दुसऱ्या कामाकडे वळले. इथर नाही ही कल्पना त्यांनी अखेरपर्यंत मनापासून स्वीकारली नाही. पण आकड्याला हात लावला नाही. वाट्टेल तो अर्थ काढा, आलं ते एवढं, असं म्हणून शून्य छापून मोकळे झाले. पदरी प्रतिष्ठा होती, सगळ्या जगाचा कल इथरकडे होता, एखाद-दुसरं वाचन गाळलं असतं तर कोण बघणार होतं? मोठेपणा इथे आहे.

त्या शून्याने पुढे विज्ञानाला झोप येऊ दिली नाही. फिट्झजेराल्ड आणि लॉरेंट्झ यांनी, धावणाऱ्या वस्तू धावण्याच्या दिशेने किंचित आखडत असतील अशी तोड काढली. १९०५ मध्ये आइनस्टाईन यांनी इथरची गरजच नाही असं दाखवलं : प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच दिसतो, बदलतात ते काळ आणि अंतर. आइनस्टाईन यांच्या त्या निबंधात मायकेलसन यांचं नाव नाही, हेही सांगायला हवं. सापेक्षतावाद या एका प्रयोगातून जन्मला असं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं नाही. मात्र सापेक्षतावादावर लोकांचा विश्वास बसायला या शून्याने मोठा हातभार लावला, हे निर्विवाद.

तोवर मायकेलसन त्याच उपकरणाने भलतीच कामं करत होते. १८९२-९३ मध्ये ते फ्रान्सला गेले. सेव्हर येथे प्लॅटिनम-इरिडियमची जी पट्टी जगाचा अधिकृत मीटर म्हणून जपून ठेवली होती, ती त्यांनी कॅडमियम धातूच्या लाल प्रकाशाच्या लाटांमध्ये मोजली. एका मीटरमध्ये त्या लाटा १५,५३,१६३.५ भरल्या. धातूची पट्टी हरवू शकते, वाकू शकते. कॅडमियमचा प्रकाश मुंबईत आणि न्यूयॉर्कमध्ये सारखाच. मीटरला निसर्गातल्या मापाशी बांधण्याची वाट त्यांनी मोकळी केली. त्याच वाटेने जात १९८३ मध्ये जगाने मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर बसवली. आपल्या तलाठ्याच्या साखळीपासून ते कापडाच्या दुकानातल्या मीटरपट्टीपर्यंत सारं त्या व्याख्येशी जोडलेलं आहे.

१९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विज्ञानातलं नोबेल मिळवणारे ते पहिले अमेरिकन. मानपत्रात प्रकाशाच्या अचूक उपकरणांचा आणि मोजमापाच्या कामाचा गौरव आहे. इथरच्या प्रयोगाचं नाव नाही. १९२० मध्ये, अडुसष्टीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी आणि फ्रान्सिस पीस यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटी इंटरफेरोमीटर बसवला आणि काक्षी ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला. मृग नक्षत्रातला तांबूस तेजस्वी तारा तो. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा आकार प्रत्यक्ष मोजण्याची ही पहिली वेळ.

१९२६ मध्ये पुन्हा जुना ध्यास, प्रकाशाचा वेग. या वेळी दोन डोंगरांमधलं पस्तीस किलोमीटरचं अंतर, आकडा २,९९,७९६. आजच्या आकड्यापेक्षा चार किलोमीटर जास्त. तरी समाधान नाही. मग कॅलिफोर्नियात मैलभर लांबीची नळी जोडून तिच्यातली हवा काढली, निर्वातात मोजायला. हे काम चालू असतानाच ९ मे १९३१ रोजी पॅसाडीना येथे त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी जानेवारीत आइनस्टाईन त्यांना भेटले होते.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. १८९४ मध्ये शिकागोतल्या एका भाषणात त्यांनी असा सूर लावला होता की पदार्थविज्ञानाचे मूलभूत नियम बहुतेक सापडले आहेत, आता नवीन काही मिळायचं ते दशांश चिन्हानंतरच्या सहाव्या जागी. पुढच्याच वर्षी क्ष-किरण सापडले, मग किरणोत्सर्ग, इलेक्ट्रॉन, क्वांटम, सापेक्षता. मायकेलसन यांचं भाकीत हास्यास्पद ठरलं, असं म्हणतात. माझं मत वेगळं आहे. नियम संपले हे त्यांचं म्हणणं चुकलं. पण नवीन गोष्टी सहाव्या दशांश जागी सापडतील हे म्हणणं खरं ठरलं, त्यांना अभिप्रेत होतं त्यापेक्षा किती तरी अधिक खरं. याचा पुरावा आपल्या जिल्ह्यात उभा राहतोय.

१९१५-१६ मध्ये आइनस्टाईन यांच्या सिद्धांतातून निघालं की फार जड वस्तू एकमेकींभोवती फिरल्या तर अवकाशातच लहरी उठतात. या गुरुत्वीय लहरी. त्या जाताना एका दिशेचं अंतर किंचित ताणतात, काटकोनातलं किंचित आखडतात. आता आठवा मायकेलसन यांची मांडणी : काटकोनातल्या दोन वाटा, आणि त्यांतला फरक सांगणारे पट्टे. इथरचा वारा पकडायला केलेलं उपकरण गुरुत्वीय लहर पकडायला नेमकं हवं तसं निघालं. १९७२ मध्ये रेनर वाइस यांनी ही कल्पना तपशिलात मांडली. पुढे अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथे लायगोच्या वेधशाळा उभ्या राहिल्या.

त्यांत काय आहे? चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, काटकोनात. टोकांना सुमारे चाळीस किलो वजनाचे, अतिशुद्ध काचेचे आरसे, चार टप्प्यांत टांगलेले, शेवटच्या टप्प्यात काचेच्याच बारीक तंतूंनी. प्रत्येक बाहूत लेसरचा प्रकाश सुमारे तीनशे वेळा ये-जा करतो, त्यामुळे चार किलोमीटरचा बाहू बाराशे किलोमीटरचा असल्यासारखा वागतो. क्लीव्हलंडच्या शिळेवरही किरणाची वाट वाढवायला हीच युक्ती होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली, तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेलं. ही घटना १३० कोटी प्रकाशवर्षांवरची. इथे पोहोचताना तिने चार किलोमीटरच्या बाहूची लांबी किती बदलली? प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी कमी. मायकेलसन यांना ओळखता येत होता त्या सरकापेक्षा हा बदल शंभर कोटी पटींहून सूक्ष्म आहे. २०१७चं नोबेल रेनर वाइस, किप थॉर्न आणि बॅरी बॅरिश यांना मिळालं.

या शोधात आपल्या महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. पुण्याला ‘आयुका’ ही संस्था आहे. तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर, त्यांची विज्ञानकथांची पुस्तकं इथल्या मुलांनी वाचली असतील. त्याच आयुकात डॉ. संजीव धुरंधर यांनी, लहरी सापडण्याच्या सुमारे पंचवीस वर्षं आधीच, त्या कशा ओळखाव्यात याचं गणित हाती घेतलं. उपकरणातून येणाऱ्या नुसत्या गोंगाटात खरा संकेत दडलेला असतो. तो कसा दिसेल याचे नमुने आधी तयार करून गोंगाटाशी ताडून पाहायचे, ही रीत त्यांनी आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये मांडली. बंगळूरला बाला अय्यर यांनी त्या नमुन्यांचं आकडेमोडीचं काम परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलं. तेव्हा असं काही सापडेल यावर भल्याभल्यांचा विश्वास नव्हता. चिकाटी म्हणतात ती ही.

आता हिंगोली. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली, आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीतून कोनशिला बसवली. जागा सुमारे १७४ एकर. आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय मिळून हे काम करत आहेत.

अणुऊर्जा विभागाचं नाव ऐकून कोणाला शंका येऊ शकते, म्हणून स्पष्ट सांगतो. इथे अणुभट्टी नाही, किरणोत्सर्ग नाही. लेसर बंद नळीत राहतो. हे उपकरण काहीही सोडत नाही, फक्त मोजतं.

मग हिंगोलीच का? पॉट्सडॅमची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती. शंभर मीटरवर पाय आपटला की पट्टे जात. लायगोला तर महामार्गावरचा ट्रक, रेल्वे, कारखान्याची यंत्रं, खाणीतले सुरुंग, सगळं जाणवतं. म्हणून सपाट, निवांत, गजबजाटापासून दूर अशी जागा हवी होती. ज्याला आपण मागासलेपण म्हणत आलो, त्यातली शांतता इथे कामी आली. कोणी म्हणेल, आपल्याकडे तर २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, त्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. अशा धक्क्याने कोणताही इंटरफेरोमीटर काही काळ जागचा हलतो. दूरदेशीच्या मोठ्या भूकंपानेही अमेरिकेतल्या वेधशाळांचं निरीक्षण खंडित होतं, आणि तो शमल्यावर आरसे पुन्हा जुळवले जातात. खरा त्रास देतो तो रोजचा, न थांबणारा बारीक कंप. तो कमी ठेवणं बरंचसं आपल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या आणि प्रशासनाच्या हातात आहे.

आणखी एक वेधशाळा हवी कशाला, तेही सांगतो. लहर कोणत्या दिशेने आली हे एका वेधशाळेला कळत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी ती किती मिलिसेकंद आधी-नंतर पोहोचली, यावरून दिशा ठरते. ठिकाणं जितकी दूरदूर, तितका अंदाज नेमका. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीची व्हर्गो वेधशाळा अमेरिकेच्या जोडीला होती, म्हणून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेची जागा आकाशाच्या लहानशा तुकड्यात सांगता आली. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगेत ती घटना प्रत्यक्ष दिसली. हिंगोली या साखळीत आली की हे काम किती तरी चोख होईल.

पण मित्रहो, जिल्ह्यात वेधशाळा आली म्हणजे जिल्ह्यात विज्ञान आलं, असं आपोआप होत नाही. आपली मुलं कुंपणाबाहेरून बघत राहिली, आतली कामं बाहेरच्यांनी केली, तर आपल्या वाट्याला आले रस्ते आणि चहाच्या टपऱ्या एवढंच म्हणावं लागेल. त्या वेधशाळेला निर्वात नळ्यांचे तंत्रज्ञ लागतील, विजेचे जाणकार लागतील, संगणकावर आकडे चाळणारे लागतील. लायगोची निरीक्षणं काही काळानंतर इंटरनेटवर सर्वांना खुली केली जातात. सेनगावच्या महाविद्यालयात बसलेला विद्यार्थीही ती उतरवून घेऊ शकतो. खाणकामगारांच्या वस्तीतल्या दुकानदाराचा मुलगा प्रकाशाचा वेग मोजू शकला.

म्हणून माझी शिक्षकांना एक विनंती आहे. २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. तो सर सी. व्ही. रामन यांच्या १९२८च्या शोधाचा दिवस, तोही प्रकाशाचाच. त्या दिवशी भाषणं आणि रांगोळ्यांबरोबर एक प्रयोग करा. सायकलच्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, तिच्यावर शहाबादी फरशी ठेवा. फरशीवर लेसर पॉइंटर, पंचेचाळीस अंशात एक पातळ काच, काटकोनात दोन लहान आरसे आणि समोर एक भिंग मांडा. दोन्ही किरणांचे ठिपके एकमेकांवर नीट आणा. जमायला वेळ लागेल. घाई करू नका. लेसर कोणाच्याही डोळ्यात जाऊ देऊ नका. ठिपके जुळले की भिंतीवर काळे-उजळ पट्टे दिसतील. मग एका मुलाला शेजारून चालायला सांगा आणि बाकीच्यांना पट्ट्यांकडे बघायला सांगा.

आणि पालकांना एवढंच सांगतो : मुलाने वहीत लिहिलेलं वाचन पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही, तर त्याला ते खोडायला लावू नका. पुन्हा मोजायला सांगा. दुसऱ्यांदाही तेच आलं, तर तेच लिहू द्या.